हराळीचे मैदान

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता इंदापूर मागे टाकून भीमा ओलांडतो आणि माढा तालुक्यात उतरतो, तेथून जवळच टेंभुर्णी हे आमचे गाव लागते. ज्या वृक्षाचे नाव गावाने धारण केले, तो टेंभुर्णीचा वृक्ष आता शिवारात मुद्दाम शोधावा लागतो. परंतु एक वनस्पती मात्र अशी आहे की जिला शोधण्याचे प्रयोजन या गावाला कोणत्याही काळात पडले नाही, उलट जिच्यापासून सुटका कशी व्हावी याच विवंचनेत येथील कुणब्याच्या कित्येक पिढ्या खपल्या. ती हराळी होय. बांधावर, पाटाच्या काठी, विहिरीच्या धक्क्याशी, देवळाच्या फरसबंदीच्या सांध्यांत, जेथे चिमूटभर माती आणि घोटभर ओल मिळेल तेथे ती आहे.

काही वर्षांमागे आमच्या भागातील चार तरुण मुले माझ्याकडे आली आणि फुटबॉलसाठी गवताचे मैदान करावयाचे आहे, तर कोणते गवत लावावे व ते कोठून आणावे, असे विचारू लागली. उरुळी कांचनच्या परिसरातील रोपवाटिकांतून गुंडाळ्या करून मिळणारे हिरवे गालिचे त्यांनी येता-जाता पाहिले होते आणि परदेशी नावाच्या गवताविषयी त्यांच्या मनात मोठा आदर होता. त्यांना मी लगेच उत्तर दिले नाही. भीमाकाठच्या गवताचा पूर्वेतिहास थोडा चाळून पाहावा असे मला वाटले, आणि त्या खटाटोपातून हा लेख उभा राहिला.

भीमेचे आणि तिच्या उपनद्यांचे काठ एके काळी घोड्यांसाठी विख्यात होते. भीमथडीची तट्टे अंगाने लहान, पण काटक, थोड्या दाण्यावर निभावणारी आणि लांबच्या मजला न थकता मारणारी. मराठी फौजेच्या ज्या चपळाईचे शत्रूनेही कौतुक केले, तिच्यात या जनावरांचा वाटा मोठा होता. घोडा म्हटला की चंदी आणि वैरण आलीच. पागेच्या घोड्याची तरतूद सरकारातून होई, शिलेदाराला आपल्या घोड्याची सोय आपणच पाहावी लागे. परंतु दोघांनाही गवतावाचून गत्यंतर नसे, आणि म्हणून कुरणे राखणे, गंज्या घालणे, पावसाळ्याची बेगमी करणे हा राज्यकारभाराचाच एक भाग होता. शिवछत्रपतींनी १६७३ साली चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना जे पत्र लिहिले, त्यात रयतेला काडीचाही उपद्रव न देण्याची ताकीद आहे हे सर्वश्रुत आहे. पण त्याच पत्रात साठवलेला दाणा व वैरण पुरवून वापरण्याची आज्ञा आहे आणि गंजीला आग लागू नये म्हणून विस्तव व दिवे यांविषयी इतकी बारीक सूचना आहे की उंदराने जळती वात ओढून नेण्याची शक्यतादेखील त्या थोर पुरुषाच्या दृष्टीतून सुटलेली नाही. गवताच्या पेंढीकडे इतक्या काळजीने पाहणारा राज्यकर्ता इतिहासात विरळाच. पुढे १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाचा अवाढव्य तळ मंगळवेढ्याच्या बाजूस भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे पडून होता. त्या चार वर्षांत आसमंतातील गवतावर केवढा ताण पडला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या मुलखात गवताच्या दोन जाती समजल्या पाहिजेत, कारण मैदानाचा सारा विचार या भेदावर उभा आहे. माळावरचे पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी हे सारे गवत थोंबाथोंबांनी वाढते, कमरेइतके उंच जाते, वैरणीला उत्तम, आणि सोलापूरजवळ नान्नजच्या ज्या माळावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले तेथील वैभवही याच जातीचे. परंतु ते कापले की थोंबांच्या मध्ये उघडी माती राहते, पायाला ठेच लागते आणि कुसळीची कुसळे तर कापडातून आरपार शिरतात. हराळीची रीत वेगळी. ती उभी न वाढता आडवी पळते. इंग्रजी रिसाल्यात घोड्यांसाठी गवत आणणारी माणसे नेमलेली असत, ती विळा टाकून खुरपे हाती घेत आणि जमिनीलगत सरपटणारी ही हराळीच मुळासकट खरवडून, धुऊन घोड्यापुढे टाकीत. कारण घोड्याला तिच्यासारखे दुसरे रुचत नाही, आणि आज इतकी खरवडली तरी पंधरवड्यात ती त्याच जागी पुन्हा उभी राहते, हा त्यांचा अनुभव होता.

घोडेस्वाराला जी प्रिय, ती शेतकऱ्याला मात्र वैरीण. पलीकडच्या इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमाबंदी बसवली आणि त्याच धर्तीची मोजणी पुढे आपल्या भागातही आली. जमिनीचा थर किती खोल, रंग कोणता, चुनखडीचे प्रमाण किती, पाणी तुंबते की धुपते, असे एकेक वैगुण्य पाहून प्रतवारी लावण्याची ती पद्धत होती. आकारणी ठरली, दर बांधला गेला, आणि पडीत रान वहितीखाली येऊ लागले. वहिती वाढली तशी हराळीशी झुंज वाढली. काळ्या रानात एकदा तिने बस्तान मांडले की रब्बीची ज्वारी पिवळी पडे. मग चार-पाच बैलजोड्या जुंपलेला लाकडी नांगर रानात घालावा, चैत्र-वैशाखात ढेकळे उन्हात तापू द्यावीत, आणि घरच्या बायकापोरांसह सर्वांनी वाकून हराळीच्या काशा, म्हणजे जमिनीखालून धावणारी तिची खोडे, वेचाव्यात. जेथे नांगराने भागत नसे तेथे कुदळीने दोन-दोन हात खणून मुळ्या काढीत. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने कुणबी प्रथम बिचकला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा कारखाना निघाल्यावरही ही शंका विरघळावयास वेळ लागला. पण लोखंडी फाळ खोल जातो आणि हराळी उपटून वर टाकतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्याच कुणब्याने तो नांगर आपलासा केला. लोखंडी नांगराच्या प्रसारात हराळीचा उपद्रव हे एक प्रबळ कारण होते, ही गोष्ट आपल्या उद्योगधंद्यांच्या इतिहासात याहून ठळकपणे लिहिली जावी असे मला वाटते.

एवढा त्रास देण्याचे सामर्थ्य या एवढ्याशा गवतात कोठून आले, हे पाहावयाचे तर तिची एक काशी तळहातावर घ्यावी. पांढरट, कडक, सुतळीएवढी जाड. दर दोन बोटांवर एक पेर, पेरावर कागदासारखा पातळ तपकिरी पापुद्रा, आणि तो नखाने सोलला की आत मोहरीएवढा टोकदार डोळा. उसाच्या टिपरीवर डोळा असतो तसाच हा, फक्त आकाराने शतांश. जमिनीखालून धावणारी काशी वेगळी आणि जमिनीवरून धावणारा धुमारा वेगळा; वरचा धुमारा ज्या पेरावर मातीला टेकतो तेथेच मूळ सोडतो. कुदळीने शंभर तुकडे केले तर शंभर रोपे झाली. याच गुणामुळे आपल्या पूर्वजांनी तिला दूर्वा म्हणून गणपतीच्या मस्तकावर चढवले, एकवीस-एकवीस जुड्या मोजल्या, आणि कांडाकांडातून फुटत जाणाऱ्या या तृणात वंशवृद्धीचे प्रतीक पाहिले. शेतात जिच्या काशा वेचून बांधावर जाळावयाच्या, तिचेच कोवळे अंकुर पहाटे उठून त्याच बांधावरून पूजेसाठी खुडावयाचे. भाद्रपदातल्या अष्टमीला आमच्याकडील बायका दूर्वांची पूजा करताना मी लहानपणी पाहिल्या आहेत आणि त्याच हातांनी वैशाखात काशा वेचतानाही पाहिल्या आहेत. त्यात कोणाला विसंगती वाटल्याचे मला स्मरत नाही.

आता हीच हराळी जगात कोणत्या नावाने वावरते ते पाहू. लिनियसने १७५३ साली तिची नोंद केली, आणि १८०५ साली पर्सून याने तिला जे नाव दिले, सायनोडॉन डॅक्टिलॉन, ते आजतागायत चालत आहे. पूर्वार्धाचा अर्थ कुत्र्याचा दात आणि उत्तरार्धाचा अर्थ बोट. तिच्या तुऱ्याला तीन-चार बोटे फुटलेली असतात, ती पाहिली की नावाचा उलगडा होतो. अमेरिकेत ती कशी पोहोचली याविषयी अनेक प्रवाद आहेत. पण तेथे तिला बर्म्युडा बेटाचे नाव चिकटले आणि तेच व्यापारात रूढ झाले. रोपवाटिकेच्या फलकावर ज्या ‘बर्म्युडा’ची किंमत आमच्या मुलांनी विचारली होती, ती त्यांच्या आज्याने खणून काढलेल्या हराळीचीच जात निघाली.

अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात टिफ्टन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील कृषिसंशोधन केंद्रात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने आपली हराळी आणि दक्षिण आफ्रिकेतील तिची एक नाजूक, बारीक पात्याची बहीण यांच्या संकरावर आयुष्य वेचले. त्यातून १९६० साली ‘टिफवे’ ही जात प्रसृत झाली. दाट वीण, गर्द रंग, बारीक पाते, आणि बीज मात्र धरत नाही. म्हणून तिची लागण नेहमी बेण्यानेच करावी लागते. उष्ण प्रदेशांतील असंख्य क्रीडांगणे या आणि अशा संकरांनी आच्छादलेली आहेत. याच बर्टनचे आपल्यावर दुसरेही एक ऋण आहे. त्याने सिद्ध केलेल्या बाजरीच्या नरवंध्य वाणाचा आधार घेऊन १९६५ साली भारतातील पहिली संकरित बाजरी निघाली, आणि अवर्षणाच्या पट्ट्यात तिने काही वर्षे भरघोस पीक दिले, पुढे केवडा रोगाने तिचा घात केला ती गोष्ट निराळी. भाकरी आणि मैदान या दोन अत्यंत दूरच्या वस्तू एकाच माणसाच्या हातून आपल्यापर्यंत आल्या, याचे मला राहून राहून नवल वाटते.

हराळीला एकच गोष्ट सोसत नाही, ती सावली. झाडाखाली ती विरळ होते हे आमच्याकडील कोणताही सालगडी सांगेल. ह्यूस्टन शहरात १९६५ साली छप्पर असलेले प्रचंड क्रीडागार उघडले गेले आणि आत बर्टनच्याच संकराची हिरवळ लावली गेली. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणारी तिरीप खेळाडूंच्या डोळ्यांवर येते म्हणून तावदाने रंगवली, उजेड कोंडला गेला, आणि सारी हिरवळ मेली. पुढच्याच वर्षी तेथे कारखान्यात विणलेले कृत्रिम गवत अंथरले गेले आणि जगभर त्याचा प्रसार झाला. कृत्रिम गवताचा उत्कर्ष हराळीच्या मरणातून झाला, असे म्हणावयास हरकत नाही. आमच्या उन्हाळ्यात असले प्लॅस्टिकचे गवत किती तापेल आणि त्यावर पडणाऱ्या पोराचे गुडघे कसे भाजतील, याचा विचार केला म्हणजे त्या वाटेला आपण जाऊ नये असेच माझे ठाम मत आहे.

गवत आखूड राखण्याची कलाही फार जुनी नाही. इंग्लंडात पूर्वी मैदानांवर मेंढ्या चारीत किंवा लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापीत. १८३० साली एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र काढले, ते त्याला सुचले कापडगिरणीत. लोकरी कापडावरची लव समान कातरणारे फिरत्या पात्यांचे यंत्र पाहून त्याने तीच युक्ती जमिनीवर लावली. सोलापूरच्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्याच्या घरोघरची घड्याळे चालली, त्या आमच्या जिल्ह्याला ही हकिगत जवळची वाटावी. या यंत्रानंतर तेहतीस वर्षांनी, १८६३ मध्ये, लंडनला फुटबॉलचे नियम बांधले गेले, आणि सपाट, आखूड हिरवळ हे त्या खेळाचे जणू आसनच झाले.

महाराष्ट्रात हा खेळ पलटणींबरोबर आला. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि कुपरेजचे मैदान पुढे तिचे घर बनले. आपले खेळाडू दीर्घकाळ अनवाणी खेळत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपल्या संघातील बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. अनवाणी पायाला गवताची पारख बुटापेक्षा अधिक असते. ओल्या मैदानावर तो घसरतो, खडबडीत मैदानावर सोलवटतो, आणि दाट हराळीवर चेंडूवर असा हुकूम चालवतो की पाहणाऱ्याने थक्क व्हावे.

परंतु मराठी मातीत हा खेळ खऱ्या अर्थाने रुजला तो कोल्हापुरात. तेथे १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, राजघराण्याचा आश्रय लाभला, आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा कुस्तीच्या तालमींनीच आपापले संघ उभे केले. शाहू स्टेडियमवर आजही पेठापेठांची ईर्षा उसळते. तालमीतल्या आखाड्याची तांबडी माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून, रोज खोऱ्याने वरखाली करून तिला लोण्यासारखी मऊ राखण्याची शिस्त ज्या पोरांच्या अंगात मुरली होती, त्यांना मैदान हे सेवेने राखावयाचे असते हे वेगळे शिकवावे लागले नसेल. आमच्या सोलापूर जिल्ह्यालाही कुस्तीची परंपरा आहे. मैदानाकडे तिच्याच नजरेने पाहावे, एवढीच माझी त्या मुलांना पहिली विनंती होती.

दुसरी गोष्ट मातीची. आमच्या ओळखीच्या एका संस्थेने मागे हौसेने मैदान केले. काळी माती हाच सुपीकतेचा कळस या समजुतीने डंपरच्या डंपर रेगूर आणून पसरली आणि दिवाळीच्या तोंडावर वर गालिचा अंथरला. होळीनंतर त्या मैदानाला मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि पुढच्या मृगात त्याच जागी घोट्याएवढा चिखल झाला. काळी माती ओलीने फुगते व उन्हाने आकसते. पिकाला जो तिचा गुण, तो खेळाला दोष. म्हणून तळाला दाबलेला मुरूम, त्यावर वीतभर अशी माती की जिच्यात वाळूचा अंश पुष्कळ आणि काळीचा अंश अल्प, आणि मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना शंभराला एक याप्रमाणे अलगद उतार, ही रचना करावी लागते. भीमेची वाळू आता सरकारी परवानगीखेरीज उचलता येत नाही आणि ती नदीतच राहावी हे योग्यही आहे. खडी केंद्रावरची धुतलेली कच चालते.

पूर्ण आकाराचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशोबाने सुमारे सत्तर गुंठे. एवढ्या क्षेत्राला पुरेल इतके बेणे विकत आणण्याची काही गरज नाही. ज्येष्ठात पहिला पाऊस होऊन वाफसा आला की बांधावरची बारीक पात्याची हराळी उपटावी, तिचे तीन-चार पेरांचे तुकडे करावेत, वीतभर अंतरावर काकऱ्या ओढून त्यांत ते तिरपे पुरावेत आणि एक टोक उघडे ठेवून पायाने दाबावे. बेणे ओल्या गोणपाटाखाली ठेवून त्याच दिवशी संपवावे. लागणीत लव्हाळ्याची एक गाठ जरी आली तरी ती पुढे दहा वर्षे छळते, म्हणून बेणे निवडण्याचे काम घाईच्या माणसाकडे देऊ नये. शेणखत कच्चे असेल तर त्यातून गाजरगवत उगवते. त्यापेक्षा लागणीपूर्वी धनगराच्या मेंढ्या रात्री त्या रानात बसवाव्यात, या मुलखात त्याहून उत्तम खत दुसरे नाही. आठ-दहा आठवड्यांत भाद्रपद येतो आणि जमीन झाकते. मग कापणी, दोन ते तीन सेंटिमीटर उंची राखावी आणि एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा कापावा, अधिक नाही. जितकी कापाल तितकी ती आडवी पळते. वर्षातून दोनदा अणकुचीदार पहारीने भोके पाडून त्यांत कच भरावी, कारण पायाखाली दडपलेल्या जमिनीत मुळांना श्वास मिळत नाही. गोलखांबांपुढील जागा सर्वांत आधी उघडी पडते. तिच्यासाठी मैदानाच्या कोपऱ्यात बेण्याचे दोन वाफे कायमचे राखून ठेवावेत.

राहिला प्रश्न पाण्याचा, आणि तोच सर्वांत नाजूक. या मैदानावर एक मिलिमीटर पाणी द्यावयाचे तर ७,१४० लिटर लागते. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले तर साडेतीन मोठे टँकर झाले. आमच्या जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, कालव्याकाठी ऊस पसरला, काही रान चोपण झाले, तरी वैशाखात पिण्याच्या पाण्याची ओरड थांबलेली नाही. २०१६ च्या भीषण दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. अनेकांना तो कठोर वाटला, मला तो न्याय्य वाटला आणि आजही वाटतो. तहानलेल्या गावाशेजारी हिरवे मैदान शोभत नाही. येथेच हराळीची निवड सार्थ ठरते. पाणी तोडले की ती पिवळी पडते, पाते वाळते, पण काशी जमिनीत जिवंत राहते. आणि खारवट पाणीही तिला इतर गवतांपेक्षा अधिक मानवते. म्हणून चैत्र लागला की आमचे मैदान बंद करावे, त्याच्या वाटचे पाणी गावाला द्यावे, गवत खुशाल वाळू द्यावे, आणि खेळाचा हंगाम पोळ्यापासून होळीपर्यंत धरावा, असे मी मुलांना सुचवले. कोल्हापूरचा हंगाम कधी, मुंबईचा कधी, याची उठाठेव आपण करू नये. आपल्या पर्जन्याचे पंचांग आपले आहे.

मुलांनी ते मानले. मृगाच्या दुसऱ्या दिवशी ती ट्रॉली घेऊन शिवारात गेली, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने आपला सबंध बांध त्यांना दाखवला आणि हवी तितकी न्या, पण काशी खाली ठेवू नका, असे बजावले. दुपारी ट्रॉली परत आली. त्या भाऱ्यांतली एक काशी मी आमच्या ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवली होती. नऊ दिवस ती तेथे कोरडी पडून होती. दहाव्या दिवशी पावसाची झड कोनाड्यात आली, आणि सकाळी पाहतो तो तिच्या मधल्या पेरातून केसाएवढे पांढरे मूळ बाहेर येऊन दगडाच्या खरबरीत पृष्ठावर माती शोधत होते. ती उचलून मी मैदानावर नेली आणि उत्तरेकडच्या गोलखांबापाशी लावली.